पहिलं बाळ घरी येताना: काय मोजायचं, कशाला घाबरायचं

सातवा महिना उलटला की घरात तयारीची गडबड सुरू होते. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवून होतात, डिंक-मेथी येते, बाज कसून घेतली जाते. आई-बाप होणाऱ्या दोघांच्या डोक्यात मात्र वेगळेच प्रश्न असतात. दूध पुरेल का? रडतंय ते कशासाठी, हे कळेल का? एवढासा जीव हातात नीट धरता येईल का? हे प्रश्न नेमके रात्री दोन वाजता उभे राहतात. त्या वेळी दवाखान्याचा फोन लागत नाही आणि घरातली चार माणसं चार सल्ले देतात. म्हणून जे मोजता येतं ते मोजायचं आणि जे ठरवावं लागतं ते आठव्या महिन्यातच ठरवून टाकायचं. खालचं सगळं त्याच दोन कामांसाठी आहे.

आठव्या महिन्यात ठरवायचं ते

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत खान्देशात अजून पाळली जाते. मुलगी राहते सुरतला नाहीतर पुण्याला, तपासण्या तिकडे होतात आणि बाळंतपण अमळनेरला किंवा शहाद्याला. मग ऐन वेळी जे डॉक्टर समोर असतात, त्यांनी तिला आधी कधी पाहिलेलंच नसतं. तेव्हा प्रवास ३४व्या आठवड्याच्या आत उरकावा, आल्या आल्या एक तपासणी माहेरच्या दवाखान्यात करून घ्यावी आणि गावातल्या आशाताईंकडे नाव नोंदवावं. माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवावेत.

रिपोर्टमधल्या दोन गोष्टी आधी बघा. पहिली म्हणजे आईचा रक्तगट. तो निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर आईला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. ते चुकलं तर पुढच्या बाळाला त्रास होण्याची भीती असते. तालुक्याच्या गावी रात्री-अपरात्री हे इंजेक्शन मिळेलच असं नाही, म्हणून ते कुठे मिळतं याची चौकशी आधीच करून ठेवावी. दुसरी गोष्ट सिकलसेलची, म्हणजे आई-बापाकडून बाळात उतरणाऱ्या रक्ताच्या आजाराची. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी कुटुंबांत हा आजार आढळतो. वाहक माणसाला, म्हणजे ज्याच्याकडून तो मुलांत उतरू शकतो त्याला, स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, त्यामुळे अंदाजाने काही कळत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. फक्त बाईची तपासणी करून थांबू नका, दोघांची करा.

दवाखाना निवडताना इमारत बघू नका, तीन प्रश्न विचारा. रात्री सिझर करायची वेळ आली तर भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात? रक्त लागलं तर कुठून येतं? आणि बाळाला श्वासाचा त्रास झाला तर इथेच ठेवता की पुढे पाठवता, आणि कुठे? उत्तर ‘जळगावला किंवा धुळ्याला पाठवतो’ असं आलं तरी त्यात वावगं काही नाही. फक्त ते आधी माहीत हवं, म्हणजे गाडी कुणाची आणि सोबत कोण, हेही तेव्हाच ठरतं. सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ आणि तातडीसाठी १०८ ही गाडी फुकट असते. धडगाव-अक्कलकुवा भागातल्या दूरच्या पाड्यांवर पावसाळ्यात वाट बंद होते. तिथल्या बाईने कळांची वाट न बघता तारखेच्या काही दिवस आधीच दवाखान्याजवळ येऊन राहावं. काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यासाठीच ‘माहेरघर’ची सोय असते, आशाताईंना विचारा.

निघायचं केव्हा? पहिल्या बाळंतपणात कळा बराच वेळ चालतात, बारा तास किंवा त्याहून जास्तही. खोट्या कळा चालल्यावर, कुशी बदलल्यावर ओसरतात. खऱ्या कळा नियमाने येतात आणि वाढत जातात. दर पाच मिनिटांनी एक, प्रत्येक कळ मिनिटभर आणि असं तासभर चाललं की निघावं. दवाखाना तासाभराच्या वाटेवर असेल तर एवढंही थांबू नये. अंगावरून पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा डाव्या कुशीवर दोन तास पडूनही बाळाच्या दहा हालचाली जाणवल्या नाहीत, तर कळा असोत-नसोत, लगेच निघायचं.

पिशवीत फार काही लागत नाही. आईसाठी पुढून उघडणारे तीन गाऊन, मोठ्या पॅडची दोन पाकिटं, आतले कपडे, चप्पल, पाण्याची बाटली. बाळासाठी धुऊन उन्हात वाळवलेली सुती दुपटी आठ-दहा, लंगोट दोन डझन, झबली सहा, टोपडी दोन आणि काखेत लावायचा डिजिटल थर्मामीटर. त्याशिवाय आधार कार्ड, रेशन कार्ड आणि आईच्या नावाचं बँक पासबुक. दुधाची बाटली आणि पावडरचा डबा पिशवीत टाकू नका. समोर असला की पहिल्या रात्रीच उघडला जातो.

दूध पुरतंय का

नव्या आईला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबू.

जन्मानंतर तासाभरात बाळ छातीशी लावायचं. तेव्हा येतो तो पिवळसर, घट्ट चीक. पहिल्या दिवशी तो एका वेळेला जेमतेम चमचाभर, फार तर दोन चमचे येतो आणि बाळाचं पोटही तेवढंच मावेल इतकं असतं. घरात वाटतं की दूध उतरलंच नाही. प्रत्यक्षात भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात, सिझर झालं असेल तर थोडं जास्तही. या मधल्या काळात बाळ तासा-दीड तासाने मागतं, रात्री जास्तच मागतं. ते असं वारंवार ओढतं म्हणूनच आईच्या शरीराला दूध वाढवण्याचा निरोप जातो. याच वेळी वरचं दूध दिलं की बाळ पोटभर झोपतं, छातीवरचं ओढणं कमी होतं आणि दूध खरंच कमी पडायला लागतं. ‘तिला दूधच नव्हतं’ म्हणतात, त्यातल्या कितीतरी घरांत सुरुवात अशी झालेली असते.

पोटात किती गेलं हे दिसत नाही, पण बाहेर काय आलं ते दिसतं. ते मोजा. शू पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा होते आणि सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची. शी पहिल्या चोवीस तासांत काळपट हिरवी आणि चिकट होते, मग हिरवट आणि पाचव्या दिवसाच्या आसपास मोहरीसारखी पिवळी, पातळ, बारीक दाणेदार. दुपट्यावर विटकरी रंगाचा डाग पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसला तर चालतो. चौथ्या-पाचव्या दिवशीही दिसत असेल तर बाळाला दूध कमी पडतंय. पाळण्याशेजारी भिंतीवर कागद चिकटवून दोन रकाने आखा आणि बापाने त्यात खुणा कराव्यात. पहिल्या आठवड्यात बापाला याहून उपयोगी काम नाही.

वजनाचंही तसंच. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन उतरतं. २८०० ग्रॅमचं बाळ २६०० वर आलं तर हे सात टक्के झाले, घाबरायचं कारण नाही. २५२० म्हणजे दहा टक्के. तिथवर उतरलं तर बाळ दूध कसं ओढतंय हे जाणत्या नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवायलाच हवं. दहा ते चौदा दिवसांत जन्मवजन भरून येतं आणि पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅमची भर पडते.

दूध कमी पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बाळ नीट लागलेलं नसणं. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं हवं, मान वळलेली नको. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर आणायचं. ते मोठा ‘आ’ करेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला स्तनाकडे आणायचं. स्तन बाळाकडे ढकलायचा नाही. नीट लागलं की हनुवटी स्तनात रुततं, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, काळ्या भागापैकी खालचा बराचसा तोंडात जातो आणि गिळण्याचा बारीक आवाज येतो. दुखत राहिलं, भेगा पडल्या, की समजायचं फक्त टोक तोंडात आहे. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. सिझरचे टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून किंवा बाळ काखेखाली धरून पाजता येतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे नेहमीचं. पहिले पंधरा दिवस सलग चार तास झोपू देऊ नका, उठवून पाजा.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून कधी काढलेलं किंवा वरचं दूध द्यावं लागलंच, तर ते वाटी-चमच्याने किंवा उकळून घेतलेल्या बोंडल्याने द्या. बाटलीचं बूच धुवायला अवघड असतं आणि बाटलीतून आयतं येतं म्हणून बाळ छातीवर आळस करतं.

उन्हाळ्याचं बाळ, हिवाळ्याचं बाळ

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि जानेवारीत धुळ्याला तो एक आकडी होतो. दोन्ही वेळची तयारी वेगळी.

उन्हाळ्यात प्रत्येक घरात वाद होतो तो पाण्यावरून. ‘आपला घसा सुकतो, त्या लेकराचा नाही सुकणार?’ असं आजी म्हणते ते मायेपोटीच. पण आईच्या दुधात सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. बाळाला तहान लागली तर ते जास्त वेळा मागतं आणि तेवढं पाजलं की भागतं. वरचं पाणी पोटात जागा अडवतं, म्हणून दूध कमी जातं. शिवाय जुलाबाचा धोका येतो, आणि पाणी जास्त झालं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन झटकेही येऊ शकतात. सहा महिने पाण्याचा थेंबही नाही, मधाचं बोट नाही, घुटी नाही. मधातून येणाऱ्या एका जंतूच्या विषाने बाळ लुळं पडू शकतं, म्हणून मध तर वर्षभर नको. हे आजीला बाळंतपणाच्या आधी, शांतपणे, शक्यतो डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या तोंडून ऐकवा. बाळ रडत असताना हा वाद काढला की हार नव्या आईचीच होते.

उन्हाळ्यात बाळाला एक पातळ सुती झबलं पुरे. घरात कुंची, मोजे, हातमोजे नकोत. कूलर लावायला हरकत नाही, पण हवा थेट अंगावर नको आणि समोरची एक खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. पत्र्याच्या घरात दुपारी बाळ-बाळंतिणीला घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवावं. बाळ तापलेलं वाटलं तर कपडे कमी करा, पाजा आणि अर्ध्या तासाने काखेत थर्मामीटर लावा. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हे ठीक. तरीही ३८, म्हणजे फॅरनहाइटमध्ये १००.४, किंवा जास्त दिसलं तर सरळ दवाखाना. महिन्याच्या आतल्या बाळाच्या तापाला घरी औषध नसतं.

हिवाळ्यात उलट बघायचं. हाताच्या पाठीने बाळाचं पोट आणि तळपाय चाचपा. दोन्ही सारखे ऊबदार हवेत. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार लागले तर ते धोक्याचं आहे. सगळ्यात चांगली ऊब आईच्या उघड्या छातीची. बाळाला फक्त लंगोट-टोपडं घालून छातीवर उभं ठेवायचं आणि वरून शाल घ्यायची. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर हेच औषध. आई थकली असेल तर बापाची छातीही चालते.

आता शेगडीबद्दल. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-वावडिंगाची धुरी आणि वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद, असं अजून कितीतरी घरांत करतात. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नसला तरी तो असतो. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो, आणि बाळाचा श्वास आपल्याहून दुप्पट वेगाने चालत असल्याने बाळाला तो आधी बाधतो. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं बाळंतिणीच्या थकव्यात खपून जातात. आईच्या कंबरेला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या. बंद खोलीत निखारे कोणत्याही कारणाने नकोत, यात तडजोड करू नका.

कावीळ

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसू लागतं, चौथ्या-पाचव्या दिवशी जास्तीत जास्त आणि दोन आठवड्यांत ओसरतं. बाळाच्या जादा रक्तपेशी मोडतात, त्यातून पिवळा रंग सुटतो आणि तो बाहेर टाकायला कोवळं यकृत अजून कमी पडतं. दिवसाच्या उजेडात कातडीवर बोट दाबून सोडा आणि खालचा रंग बघा. पिवळेपणा डोक्याकडून पायाकडे उतरत जातो. चेहऱ्यापुरता असेल, बाळ जोमाने पीत असेल आणि शी-शू बरोबर असेल तर पाजत राहा. पण पहिल्या चोवीस तासांतच पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त होऊन पिईना, शी पांढरट झाली किंवा दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली तर थांबू नका. आईचा रक्तगट ओ किंवा निगेटिव्ह असेल तर घरी सोडण्याआधीच कावीळ तपासून मागा.

कोवळ्या उन्हात धरणं हा यावर इलाज नाही, आणि मे महिन्यात खान्देशात कोवळं ऊन राहतंच किती वेळ! ‘पेटीत ठेवलं’ म्हणतात तेव्हा निळ्या प्रकाशाखाली ठेवलेलं असतं. तो प्रकाश कातडीतला पिवळा रंग विरघळून बाहेर पडेल असा बदलतो. बाळाचे डोळे झाकतात, आणि मध्ये मध्ये काढून पाजणं चालूच ठेवायचं असतं.

दिसायला भयंकर, पण ठीक

शिंका, उचक्या, कातडी सोलणं, नाकावरचे पांढरे ठिपके, पाठीवर-ढुंगणावर निळसर डाग, लांबट झालेलं डोकं, आवाजाने दचकून हात पसरणं, हे सगळं नेहमीचं. पाच-दहा सेकंद श्वास थांबल्यासारखा वाटून पुन्हा भरभर चालतो, तेही चालतं. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे मुलगा असो की मुलगी, छाती थोडी सुजते. ती पिळू नका, पिळल्याने गळू होतं. मुलीला पहिल्या आठवड्यात शूच्या जागी रक्ताचा डाग दिसू शकतो, तोही आपोआप जातो. नाळेवर हळद, तेल, राख, पावडर काही लावायचं नाही. लंगोट नाळेच्या खाली दुमडायचा. पाच ते पंधरा दिवसांत ती वाळून गळते. डोळ्यांत काजळ आणि कानात तेल नको. झोपवायचं उताणं, सपाट घट्ट अंथरुणावर, उशीशिवाय. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, म्हणून नजर असेल तेव्हाच झोळी.

रात्र असली तरी लगेच निघायचं ते अशा वेळी: बाळ पिणं सोडतं, उठवूनही उठत नाही, बाळाला झटके येतात, ओठ निळे पडतात, उलटी हिरवी होते किंवा नाळेभोवती लाली पसरते. श्वास शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. साठ किंवा त्याहून जास्त भरला तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढाच आला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असला, तर उशीर करू नका.

आईकडे कोण बघतंय?

बाळ जन्मलं की सगळ्यांच्या नजरा पाळण्याकडे जातात. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, ताप असेल, अंगावरून जाण्याला घाण वास असेल, एका पोटरीत दुखून सूज असेल किंवा डोकं ठणकून दिसायला अंधुक होत असेल तर आईलाही तेवढ्याच तातडीने न्यायचं. पाणी कमी प्यायला लावू नका. त्याने शौचाला खडा होतो आणि टाके ठणकतात. बाजरीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, अंडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं चालतं. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातही बाळंतिणीला केळं देत नाहीत, ‘बाळाला सर्दी होईल’ म्हणून. आईच्या केळ्याने बाळाला सर्दी होत नाही. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्याव्यात.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगीच रडू येणं, चिडचिड, ‘मला हे जमणार नाही’ वाटणं हे बऱ्याच जणींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही टिकलं, बाळ झोपलं तरी झोप येईना, बाळाबद्दल काहीच वाटेना किंवा जीव नकोसा झाला, तर हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेला बाप बहुधा बाळंतपणाच्या दिवशी येतो आणि पाचवी आटोपून परततो. रजा थोडी असेल तर ती दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. दवाखान्यात नर्स असते, घरी रात्री कुणी नसतं. पाचवीला आणि बारशाला माणसं येणारच. दारातच साबण-पाणी ठेवा. खोकला-सर्दी असलेल्याने लांबूनच बघावं आणि बाळाचे मुके कुणीच घेऊ नयेत. हे सांगायचं काम बापाचं किंवा मामाचं, बाळंतिणीवर टाकू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत फुकट होते आणि नाव ठरलं नसलं तरी करता येते. बारशानंतर वर्षाच्या आत नाव फुकट घालून मिळतं. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे ५००० रुपये आईच्या खात्यात दोन हप्त्यांत येतात. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असून मुलगी झाली तर लेक लाडकी योजनेचा अर्ज अंगणवाडीत करा, पहिला हप्ता ५००० रुपयांचा असतो.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. भिंतीवरचा कागद त्यांना दाखवा, वजन करून मागा. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी दवाखान्यातच दिल्याची नोंद कार्डावर आहे का, ते पहिल्याच भेटीत तपासून घ्या. दीड महिन्याला पुढची लस असते. त्यानंतर एक-दोन दिवस ताप येतो, मांडी थोडी सुजते. तापाच्या औषधाचे थेंब किती द्यायचे हे बाळाच्या त्या दिवशीच्या वजनावर ठरतं, म्हणून लस टोचतानाच वजन करून डोस कार्डावर लिहून घ्या.